जहाजाचा धूर आणि किनाऱ्याची जबाबदारी

समुद्राशी तुमचा संबंध काय, असा प्रश्न इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या माणसाला विचारला, तर तो बहुधा हसेल. समुद्र त्याच्या गावापासून शेकडो मैल दूर. फार तर सुटीत कधी मुंबईला किंवा गोव्याला जाऊन पाहण्याची वस्तू. परंतु त्याच्याच घरातील जिनसांची यादी करावी. स्वयंपाकघरातील पामतेल, चुलीखालचा गॅस, मोटारीत भरलेले पेट्रोल, खिशातील दूरध्वनीचे सुटे भाग, आणि पिकाचे वर्ष वाईट गेले तर ताटातील तुरीची डाळसुद्धा, यांतील बऱ्याच गोष्टी कोणत्या ना कोणत्या जहाजाच्या पोटातून आलेल्या असतात. भारताच्या परदेशी व्यापाराचा माल वजनाने मोजला, तर त्यातील सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गाने जातो-येतो. तेव्हा जहाजांच्या धुराचा प्रश्न हा केवळ मुरगाव, मुंबई किंवा न्हावाशेवा येथील लोकांचा प्रश्न नव्हे. तो हैदराबादचा आहे, बडोद्याचा आहे आणि बेळगावचाही आहे.

प्रथम जहाजाच्या बाजूने बोलले पाहिजे. माल वाहून नेण्याची माणसाने जेवढी साधने निर्माण केली, त्यांत जहाजाइतके काटकसरी साधन दुसरे नाही. एक टन माल एक मैल नेण्यास मालमोटारीला जेवढे जळण लागते, त्याच्या लहानशा अंशात मोठे मालवाहू जहाज ते काम करते. विमानाशी तर तुलनाच नको. असे असूनही जगातील सर्व जहाजांचा एकूण धूर फार मोठा भरतो, कारण जगातील व्यापारी मालाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग समुद्रावरूनच हिंडत असतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०१८ या एका वर्षात जहाजांनी सुमारे १०७ कोटी ६० लाख टन उष्णताधारक वायू हवेत सोडले. मानवाच्या एकंदर उत्सर्जनाचा हा सुमारे तीन टक्के भाग झाला. जर्मनीसारखा उद्योगप्रधान देश वर्षभरात जेवढे वायू सोडतो, त्याहून ही रक्कम मोठी आहे.

या वायूंत मुख्य वाटा कार्बन डाय-ऑक्साइडचा. सोयीसाठी आपण त्याला कर्बवायू म्हणू. जहाजाच्या यंत्रात जळते ते बहुधा तेलशुद्धीच्या अखेरीस उरणारे जड, काळे, दाट तेल. या तेलाचा एक टन जळला की तीन टनांहून किंचित अधिक कर्बवायू तयार होतो. एका टनातून तीन टन कसे निघाले, असे कोणी विचारील. तेलातील कार्बनशी हवेतील प्राणवायूचा संयोग होतो आणि त्या प्राणवायूचे वजन हिशेबात मिळते, हे त्याचे साधे उत्तर. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. धुराड्यातून दिसणारा काळा लोट म्हणजे काजळी. तीही छातीला घातक आहेच. परंतु पृथ्वीचे तापमान वाढविणारा मुख्य अपराधी त्या लोटामागे अदृश्य राहून निघून जातो.

हा अपराधी कोणाच्या नावावर मांडावयाचा, हा पहिला पेच होता. कोरियात बांधलेले, ग्रीक मालकाचे, पनामाचा ध्वज लावलेले, फिलिपिनो आणि भारतीय खलाशांनी चालविलेले एखादे जहाज ब्राझीलचे लोहखनिज चीनला नेत असेल, तर त्याचा धूर कोणत्या देशाच्या खात्यात टाकावा? १९९७ च्या क्योटो करारात हा प्रश्न राष्ट्रांच्या हिशेबात न धरता लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपविण्यात आला. तेथे काम संथपणे चालले. नव्या जहाजांनी इंधनाच्या बाबतीत किती काटकसरी असावे, याचा पहिला बंधनकारक नियम २०११ साली संमत झाला आणि २०१३ पासून अमलात आला. २०२३ पासून जुन्या जहाजांनाही तशीच कसोटी लागू झाली, आणि मोठ्या जहाजांना त्यांच्या वार्षिक कामगिरीवरून शाळेतील मुलांप्रमाणे पाच श्रेणी देण्यात येऊ लागल्या. त्याच वर्षी जुलै महिन्यात सर्व सभासद राष्ट्रांनी ठरविले, की २०५० च्या सुमारास सागरी वाहतुकीचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, आणि २०३० पर्यंत ते २००८ च्या तुलनेत निदान २० टक्क्यांनी उतरवावयाचे.

ध्येय ठरले, परंतु ते गाठावयाचे कसे? या विषयावर बोलताना सामान्यतः नव्या इंजिनांची आणि नव्या इंधनांची चर्चा होते. ती योग्यच आहे. तथापि तिच्यामुळे असा समज होतो, की हे काम जहाज बांधणाऱ्यांचे आणि चालविणाऱ्यांचे आहे. किनाऱ्यावरील आपण केवळ प्रेक्षक. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. जहाजाचा धूर कमी करण्याच्या बऱ्याच किल्ल्या जहाजावर नसून किनाऱ्यावर आहेत. त्यांतील तीन किल्ल्यांचा येथे विचार करू: पहिली वेळेची, दुसरी विजेची आणि तिसरी जळणाची.

वेळेची किल्ली सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षित आहे. पाण्यातून चालणाऱ्या जहाजाला पाणी विरोध करते. वेग वाढला की हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी यंत्राची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हा ढोबळ नियम आहे, परंतु व्यवहारात पुरेसा खरा आहे. त्याचा अर्थ असा, की वेग दहा टक्क्यांनी उतरविला तर यंत्राला लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. प्रवासाला वेळ थोडा अधिक लागतो, हे जमेस धरूनही संपूर्ण फेरीचे जळण सुमारे १९ टक्क्यांनी वाचते. कोणतेही नवे यंत्र नाही, नवे इंधन नाही. नुसता वेग थोडा आवरला.

मग कप्तान वेग का आवरीत नाही? याचे उत्तर समुद्रात नसून करारांच्या कागदांत सापडते. जहाज भाड्याने देण्याचे जे करार पिढ्यान् पिढ्या चालत आले, त्यांत जहाजाने शक्य तेवढ्या त्वरेने पोहोचावे, असे कलम असते. बंदरात पोहोचल्याची वर्दी दिली की घड्याळ सुरू होते, आणि ठरलेल्या मुदतीबाहेर जहाज अडकून पडले तर मालकाला डेमरेज, म्हणजे विलंबाची भरपाई, मिळते. शिवाय बहुतेक बंदरांत जो आधी येईल त्याला धक्का आधी मिळतो. परिणाम असा, की जहाज पूर्ण वेगाने धावत येते, आणि आल्यावर बंदराबाहेर नांगर टाकून दोन-दोन, चार-चार दिवस, क्वचित आठवडेही उभे राहते. धापा टाकीत देवळाशी पोहोचावे आणि दरवाजा उघडायला अजून दोन घटका अवकाश आहे असे कळावे, तशी ही गत. एखादे जहाज दहा दिवसांत आले आणि दोन दिवस बाहेर थांबले, असे समजा. तोच प्रवास त्याने सावकाश बारा दिवसांत केला असता तर धक्का त्याला त्याच दिवशी मिळाला असता, आणि वर सांगितलेल्या नियमाने मुख्य यंत्राचे सुमारे ३० टक्के जळण वाचले असते. धुराचा हा भाग कोणाच्याही उपयोगी न पडता जळतो. मालवाल्याला माल लवकर मिळत नाही, मालकाचे तेल जाते आणि हवेत कर्बवायू जातो.

या पद्धतीतील धोका ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदराने एकदा फार स्पष्टपणे पाहिला. हे कोळसा निर्यात करणारे जगातील सर्वांत मोठे बंदर. २००७ च्या जून महिन्यात तेथे पन्नासाहून अधिक जहाजे आपला क्रम येण्याची वाट पाहत किनाऱ्याबाहेर नांगर टाकून उभी होती. ८ जून रोजी मोठे वादळ झाले, आणि 'पाशा बल्कर' नावाचे रिकामे जहाज नॉबीज या पुळणीवर येऊन रुतले. त्यावरील बावीस खलाशांना हेलिकॉप्टरने सुखरूप उतरविण्यात आले. जहाज ओढून पुन्हा पाण्यात नेण्यास जुलै उजाडला. पुढे २०१० पासून तेथे नवी पद्धत सुरू झाली. जहाजाने दूरवरूनच आपल्या येण्याची नोंद करावी, रांगेतील क्रमांक त्या नोंदीवरून ठरावा आणि मग जहाजाने आपला वेग त्या बेताने ठेवावा. धावत येऊन जागा अडविण्याचे कारणच उरले नाही. त्यामुळे बाहेरील रांग आखूड झाली, अपघाताचा संभव घटला आणि जळण वाचले. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांनीही, बाहेर शंभराच्या घरात जहाजे तुंबली असता, याच धर्तीची व्यवस्था अंगीकारली. जहाजमालकांच्या 'बिमको' या जागतिक संस्थेने २०२१ साली भाडेकरारात घालण्यासाठी एक नवे कलमही तयार केले. वेळेवर पोहोचण्यासाठी वेग कमी केला तर तो करारभंग समजू नये, असा त्याचा आशय आहे.

परंतु हे साधण्यासाठी बंदराने जहाजाला खात्रीचा दिवस आणि खात्रीची घटका सांगितली पाहिजे. आणि ती सांगता येण्यासाठी यारी नादुरुस्त नसावी, आगगाडीचे डबे वेळेवर यावेत, जकातीचे कागद अडकू नयेत. पीथमपूरच्या कारखान्यातील माल न्हावाशेव्याला वेळेवर पोहोचतो की नाही, याचा परिणाम अखेर अरबी समुद्रातील एखाद्या जहाजाच्या धुरावर होतो, हे ऐकावयास चमत्कारिक वाटेल; परंतु साखळी तशीच आहे. बंदरातील अव्यवस्थेचा दंड समुद्रावरील हवा भरीत असते.

आता दुसरी किल्ली, विजेची. जहाज धक्क्याला लागले, दोर आवळले, मुख्य यंत्र बंद झाले, म्हणजे जहाज झोपले असे आपण समजतो. तसे ते नसते. जहाजावरील दिवे, पंप, हवा खेळविणारे पंखे, स्वयंपाकघर, थंड पेट्यांतील फळे आणि मासळी, कित्येक जहाजांवरील स्वतःच्या यारी, या सर्वांना वीज लागते. ती निर्माण करण्यासाठी पोटातील लहान डिझेल-यंत्रे अहोरात्र चालू असतात. समुद्राच्या मध्यावर सुटणारा धूर पांगून तरी जातो. धक्क्यावर उभ्या असलेल्या जहाजाचा धूर मात्र थेट गावात येतो. त्यातील काजळी, नत्राची आणि गंधकाची प्राणिदे बंदरकाठच्या वस्तीतील लहान मुले आणि वृद्ध यांच्या श्वासात जातात. जहाजाच्या तेलातील गंधकाचे प्रमाण २०२० च्या आरंभापासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर उतरविण्यात आले, हा मोठाच दिलासा झाला. परंतु प्रश्न संपला नाही.

यावर उपाय असा, की किनाऱ्यावरील वीज जाड केबलने जहाजाला द्यावी आणि त्याची यंत्रे बंद करावीत. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदरात २००० सालापासून मालवाहू जहाजांना उच्च दाबाची वीज अशा रीतीने दिली जात आहे. लॉस एंजेलिस बंदरात २००४ साली कंटेनर-जहाजांसाठी ही सोय झाली. कॅलिफोर्निया राज्याने २०१४ पासून जहाज-कंपन्यांना निम्म्या फेऱ्यांत, आणि २०२० पासून ८० टक्के फेऱ्यांत, धक्क्यावर आपली यंत्रे बंद ठेवण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणे २०३० पासून तेथील मुख्य बंदरांत कंटेनर-जहाजांना आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्याचीच वीज घ्यावी लागेल.

हे सांगण्यास सोपे असले तरी करण्यास तितके सोपे नाही. मोठ्या जहाजांची वीज ६,६०० किंवा ११,००० व्होल्ट दाबाची असते. पुष्कळ जहाजांची यंत्रणा सेकंदाला साठ आवर्तनांवर चालते, तर आपल्या देशातील वीज पन्नास आवर्तनांची आहे. म्हणून धक्क्यावर आवर्तन बदलणारी महागडी यंत्रे बसवावी लागतात. एखाद्या मोठ्या प्रवासी जहाजाची गरज तर आठ-दहा मेगावॅटपर्यंत जाते. म्हणजे छोटेसे शहरच तात्पुरते धक्क्याला येऊन जोडले गेल्यासारखे होते. बंदर म्हणते, जहाजांवर जोडणीची सोय नाही तर आम्ही खर्च कशासाठी करावा? जहाजमालक म्हणतो, बंदरांत वीज नाही तर आम्ही जोडणी कशासाठी बसवावी? लग्नाआधी घर की घराआधी लग्न, असा हा वाद जेथे कायद्याने एका बाजूस पहिले पाऊल टाकावयास लावले तेथेच मिटला आहे.

याहून महत्त्वाचा एक हिशेब आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जहाजावरील डिझेल-यंत्र विजेचे एक युनिट निर्माण करताना सुमारे सात-दशांश किलो कर्बवायू सोडते. भारतातील विजेचा फार मोठा भाग कोळशापासून येतो, आणि त्यामुळे आपल्या जाळ्यातील सरासरी एका युनिटामागेही जवळजवळ तेवढाच कर्बवायू सुटतो. म्हणजे आपल्याकडे जहाजाला नुसती केबल जोडली, तर गावातील हवा स्वच्छ होईल, हे निश्चित. परंतु कर्बवायूचा विचार केला तर धूर एका धुराड्यातून काढून दुसऱ्या, दूरच्या धुराड्यात घातल्यासारखे होईल. गोथेनबर्गला हा प्रश्न पडला नाही, कारण स्वीडनची वीज मुख्यतः धबधब्यांची, वाऱ्याची आणि अणुशक्तीची. आपल्या बंदरांनी केबल टाकताना तिच्या दुसऱ्या टोकाला सूर्य किंवा वारा आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. गावाची हवा आणि पृथ्वीची हवा ही दोन निरनिराळी कामे आहेत. एक झाले म्हणजे दुसरे झाले, असे समजणे ही फसवणूक होय.

आपल्या देशात याची सुरुवात झालेली आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या मे महिन्यात 'हरित सागर' या नावाने बंदरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दर टन मालामागे होणारे कर्ब-उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी कमी करावे, असे त्यांत म्हटले आहे. त्याच वर्षी मुरगाव बंदराने 'हरित श्रेय' ही योजना सुरू केली. जहाजाला त्याच्या स्वच्छतेबद्दल जागतिक निर्देशांकावर जे गुण मिळतात, त्यांच्या प्रमाणात बंदराच्या आकारात सूट देण्याची ही पद्धत आहे. १९६४ मध्ये देशाच्या प्रमुख बंदरांत गणना झालेल्या, आणि मांडवी-जुवारीवरील बार्जींतून येणाऱ्या लोहखनिजावर वाढलेल्या या बंदराने असे पाऊल टाकावे, ही समाधानाची गोष्ट आहे. २०२४ मध्ये मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या टग नौका विजेवर किंवा स्वच्छ इंधनावर नेण्याची देशव्यापी योजनाही आखण्यात आली. तिच्या पहिल्या टप्प्यात न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, कांडल्याचे दीनदयाळ बंदर, पारादीप आणि तुतिकोरिन यांची निवड झाली. टगचे काम थोड्या अंतराचे, थांबत-थांबत चालणारे आणि रात्री ठिकाणावर परतण्याचे. विजेच्या घटांना असेच काम मानवते. केरळात २०१७ पासून वैकम येथे 'आदित्य' ही पंचाहत्तर उतारूंची सौर नौका चालते आहे, ती याच कारणाने.

परंतु गोव्याहून निघून महासागर ओलांडणाऱ्या जहाजाला विद्युत्-घट पुरणार नाहीत. त्यासाठी तिसरी किल्ली पाहिजे, ती जळणाची. जहाजांनी जळण बदलण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. आपल्या किनाऱ्यावरील फत्तेमाऱ्या आणि मचवे वाऱ्यावर चालत. पुढे कोळशाच्या आगबोटी आल्या. १९१२ साली 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज डिझेल-यंत्राच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकला गेले, आणि पुढील काही दशकांत तेलाने कोळशाला समुद्रावरून हुसकावून लावले. तो बदल कोणी आज्ञा केल्यामुळे झाला नाही. तेल वाहण्यास सोपे आणि किफायतशीर होते म्हणून झाला. आजचा बदल अवघड आहे तो येथेच. नवे जळण जुन्याहून महाग आहे आणि जागाही अधिक अडविते.

उमेदवार तीन आहेत. द्रवरूप नैसर्गिक वायू जळताना कर्बवायू कमी सोडतो. परंतु त्याचा काही भाग न जळताच मिथेनच्या रूपाने निसटतो, आणि मिथेन हा उष्णता धरून ठेवण्यात कर्बवायूहून कितीतरी पट प्रबळ आहे. दुसरा मिथेनॉल. २०२३ साली 'लॉरा मर्स्क' हे कंटेनर-जहाज मिथेनॉलवर चालत कोरियातील उल्सानहून कोपनहेगनला पोहोचले, आणि ही गोष्ट शक्य आहे हे सिद्ध झाले. मिथेनॉलला टाक्या मात्र तेलाच्या सुमारे अडीचपट लागतात. तिसरा अमोनिया, ज्याच्यापासून आपल्या शेतकऱ्यांचा युरिया होतो. त्यात कार्बन नाहीच. परंतु तो विषारी आहे, आणि यंत्राच्या खोलीत गळती झाली तर खलाशांच्या जिवाशी गाठ आहे.

या इंधनांची खरी परीक्षा जहाजावर होत नाही. मिथेनॉल किंवा अमोनिया जर कोळशापासून वा नैसर्गिक वायूपासून बनविला, तर धूर केवळ कारखान्यात गेला, एवढेच झाले. तो स्वच्छ ठरतो तो सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून बनविला तरच. त्यातही विजेपासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून इंधन आणि इंधनापासून गती, अशा प्रत्येक पायरीवर तूट येते आणि मूळ विजेचा थोडाच भाग पंख्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच आधी सांगितलेल्या वेळेच्या किल्लीचे मोल अधिक आहे. जळण जेवढे दुर्मीळ आणि महाग होईल, तेवढे ते रांगेत उभे राहण्यासाठी जाळणे परवडणार नाही. याच कारणाने वाराही पुन्हा कामावर रुजू होत आहे. जर्मन संशोधक अँटन फ्लेटनर याने १९२४ मध्ये जहाजावर फिरते उंच स्तंभ बसवून वाऱ्याचा जोर वापरून दाखविला, आणि १९२६ मध्ये ते जहाज अटलांटिक ओलांडून गेले. स्वस्त तेलापुढे तो प्रयोग मागे पडला. २०२३ साली 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीची दोन पोलादी शिडे चढविण्यात आली. मुख्य यंत्राला हातभार लावणे एवढेच त्यांचे काम आहे. परंतु तो हातभार फुकट मिळतो.

आणखी एक गोष्ट काळाची आहे. जहाजाचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे असते. आज ज्या जहाजाचा कणा गोदीत टाकला जाईल, ते २०५० मध्येही समुद्रावर असण्याचा संभव आहे. त्यामुळे 'पुढे पाहू' असे म्हणणे हाही एक निर्णयच आहे, आणि तो पंचवीस वर्षांसाठी बांधून ठेवतो.

हा वाढीव खर्च कोणी सोसावा, या प्रश्नावर राष्ट्रांचे घोडे अडले आहे. युरोपीय संघाने २०२४ पासून आपल्या बंदरांशी संबंध येणाऱ्या मोठ्या जहाजांकडून कर्बवायूची किंमत वसूल करण्यास आरंभ केला. साऱ्या जगासाठी तशीच आकारणी करण्याचा आराखडा २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला बहुमताने मान्य झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. परंतु ऑक्टोबरात अंतिम स्वीकृतीची वेळ आली तेव्हा अमेरिका, सौदी अरेबिया आदी राष्ट्रांनी कडवा विरोध केला आणि निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. गरीब आणि दूरच्या देशांना वाहतूक महाग पडेल, ही शंका निराधार नाही. लहान बेटांवरील राष्ट्रांचे सारे अन्नधान्यच जहाजाने येते. परंतु समुद्राची पातळी वाढल्याने प्रथम बुडणार तीही हीच बेटे, आणि कर्बवायूला किंमत लावा असा आग्रह धरणाऱ्यांत त्यांतील कित्येक पुढे आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अखेरीस जहाजाच्या पोटात काय भरले आहे, याकडेही पाहावे लागते. समुद्रावरील मालाचा वजनाने एक-तृतीयांशाहून अधिक भाग कोळसा, खनिज तेल आणि वायू यांचा असतो. म्हणजे जहाजांच्या धुराचा मोठा हिस्सा दुसरीकडे धूर करण्याची सामग्री पोहोचविण्यात खर्च होतो. वास्कोच्या रहिवाशांची कोळशाच्या धुळीची तक्रार जुनी आहे. ती धूळ आणि कर्बवायू या भिन्न गोष्टी असल्या तरी दोहोंचे मूळ एकाच ढिगाऱ्यात आहे. किनाऱ्यावर सूर्याची वीज वाढेल, तसतसा हा माल घटेल आणि त्याबरोबर तो वाहणाऱ्या जहाजांचा धूरही.

तेव्हा बंदरकाठच्या नागरिकांनी, व्यापारी मंडळांनी आणि नगरसेवकांनी आपल्या बंदराला तीन साधे प्रश्न विचारावेत. आमच्या बंदराबाहेर जहाजे सरासरी किती दिवस थांबतात, आणि ते दिवस कमी करण्यासाठी काय चालले आहे? धक्क्याला लागलेली जहाजे आपली यंत्रे बंद करू शकतात काय, आणि त्यांना दिली जाणारी वीज कोठून येते? दहा वर्षांनंतर जे जहाज मिथेनॉल किंवा अमोनिया मागत येईल, त्याला ते सुरक्षितपणे देण्याची आपली तयारी आहे काय? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली पाहिजेत, आणि ती दर वर्षी प्रसिद्ध झाली पाहिजेत. इंदूर-हैदराबादच्या कारखानदारानेही आपला माल ज्या बंदरातून जातो, त्या बंदराला हेच विचारण्यास हरकत नाही. कारण भाडे तोच भरतो.

जहाज हे किनाऱ्याच्या हुकमाने चालते. किनाऱ्याने घाई सांगितली तर ते घाई करते, थांबावयास सांगितले तर थांबते, जे जळण दिले ते जाळते. धुराड्यातून निघणारा धूर जहाजाचा असला तरी त्यामागील हुकूम आपला आहे, आणि तो बदलणेही आपल्याच हाती आहे.